फुलाशेजारचा इसम

किलिमांजारोहून येऊन चार महिने झाले, तरी घरी येणाऱ्या माणसाला चहाबरोबर टीव्हीवर फोटो दाखवण्याची प्रथा अजून सुरू आहे. फोटो अकराशे आहेत. त्यातल्या दोनशेंत मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे, गुडघा आहे, एका ठिकाणी नुसता कान आहे. पाहुणे विचारतात, "हे कोण?" बायको चहा ओतता ओतता सांगते, "ते होय? ते मापासाठी."

बायकोने तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. शेजारी माप ठेवल्याशिवाय फुलाचा फोटो काढणं तिला उघड्या डोक्याने सत्यनारायणाला बसण्यासारखं वाटतं. कासच्या पठारावर तिचं रुपयाच्या नाण्यात भागायचं, कारण तिथली फुलं नखाएवढी. ती पोटावर पडून फोटो काढणार, मी नाणं सांभाळणार. आफ्रिकेत फुलं थोराड निघाली आणि नाण्याच्या जागी माझी बढती झाली.

मी मात्र शिखरासाठी गेलो होतो. ५८९५ मीटर हा आकडा मी सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवला होता. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. मचामेचं गेट, जिथून चालायला सुरुवात होते, तेच जवळपास १८०० मीटरवर. महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही वरून चढायचं, या विचाराने छाती फुगली होती. ती दहाव्या मिनिटाला उतरली.

"अहो, थांबा!"

दाट जंगल, घोट्यापर्यंत चिखल आणि वाटेच्या कडेला इवलंसं लाल-पिवळं फूल. मागे सोंडेसारखी वळलेली शेपटी. हे फूल जगात फक्त याच डोंगरावर येतं म्हणे. "आणि हा कोण आहे ठाऊक आहे? तेरडा! आपल्या गौरीतल्या तेरड्याचा सख्खा चुलतभाऊ." या कुळाचं लॅटिन नाव 'अधीर' अशा अर्थाचं आहे, कारण पिकलेल्या बोंडाला हात लावला की ते तडकून बिया उडवतं. त्या अधीरासमोर आम्ही पंचवीस मिनिटं धीर धरून होतो. माझी करंगळी फुलाशेजारी. "हलवू नका." नख चांगलं दिसेना म्हणून मग अनामिका.

आमचा गाइड तिच्यावर बेहद्द खूश. त्याच्या धंद्याचा मंत्रच "पोले पोले", म्हणजे हळूहळू. भरभर चढणाऱ्याचं डोकं वर जाऊन दुखतं. त्यामुळे तासाला अर्धा किलोमीटर चालणारी बाई त्याला आदर्श वाटली. तो तिला आदराने "मामा" म्हणे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे कळेपर्यंत मी उगाच गालातल्या गालात हसत होतो. मग त्याने मला "बाबू" म्हटलं. बँकेत बत्तीस वर्षं कारकुनी केल्याचं याला कुणी सांगितलं? चौकशी केली तर बाबू म्हणजे आजोबा. कारकून परवडला असता.

आमच्या शेजारून हमाल डोक्यावर वीस-वीस किलोची ओझी घेऊन "जांबो!" म्हणत पुढे जात होते. मी एक करंगळी घेऊन दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी जंगल संपलं आणि झाडांना दाढ्या फुटल्या. दगडफुलाचीच जात ती, फांद्यांवरून हिरवट जटांसारखी लोंबत होती. शेजारी उभं राहून मीही दोन दिवसांची दाढी दाखवली. कौतुक झालं नाही.

तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर, ४६०० मीटर. डोकं आतून कुणी पाटा-वरवंटा चालवावा तसं. दगडावर बसून भाकरवडी काढली, तोच एक कावळा आला. मानेमागे पांढरा पट्टा आणि चोच अशी की आपल्याकडचा कावळा त्याच्यापुढे चिमणी. पुडीच उचलून गेला.

"शिवला हो एकदाचा," बायको म्हणाली. "काही इच्छा राहिली नाही ना तुमची?"

राहिली होती. भाकरवडीचीच.

पण त्याच दुपारी उतरून बरांको खोऱ्यात आलो आणि खरं सांगतो, मी तोंड मिटायचं विसरलो. केळीचा खांब घ्यावा, त्याला जुनं गोणपाट गुंडाळावं, वर फाटे फोडून प्रत्येकाच्या टोकाला कोबीचा गड्डा ठेवावा, तशी दोन-तीन पुरुष उंचीची झाडं धुक्यात उभी. शेंडेसेनेसिओ की डेंड्रोसेनेसिओ, मला अजून नीट म्हणता येत नाही. कूळ शेवंतीचं! गोणपाट म्हणजे त्यांची वाळलेली पानं. झाड ती टाकत नाही, रात्री पाणी गोठतं तेव्हा अंगाभोवती तीच गोधडी. आणि वाढ इतकी संथ की गाइडनेही हात जोडावेत. झाड फुललं की तिथे फाटा फुटतो, म्हणून फाटे मोजून किती वेळा बहर आला त्याचा अंदाज बांधायचा. बायको मोजायला लागली. मी बुंध्याशी, माप म्हणून.

"हात वर करा. अजून. टाचा उचला." उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी दर अर्ध्या तासाने लघवी लागते, हे इथे सांगणं प्राप्त आहे. टाचा उचलून, हात वर करून मी अकरा मिनिटं उभा होतो. तो फोटो टीव्हीवर आला की पाहुणे म्हणतात, "काय आनंद आहे बघा चेहऱ्यावर!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मला तंबूतून बाहेर काढलं. "लोबेलिया उघडायच्या आत चला." आपल्या सह्याद्रीतल्या देवनळाची ही आफ्रिकेतली नातलग. रात्री पानांची मूठ मिटते आणि आतल्या कोंबाला जपते. मुठीत पाणी साचलेलं, त्यावर बर्फाची साय, खाली मात्र पाणी पाणीच. "बोट घाला बघू, खालचं गोठलंय का?" मोजपट्टीचा एका रात्रीत थर्मामीटर झाला. खालचं गोठलं नव्हतं. बोट गोठलं.

त्यानंतरचा बरांकोचा कडा हातापायांनी चढलो आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. बायको फुलापाशी थांबली की मला श्वास मिळत होता. कड्यावर फुलं विरळ, तर श्वासही विरळ. मग मीच शोधायला लागलो. "अगं, ते कागदी पाकळ्यांचं बघ." ती खूश. "ते शेवाळं?" तिने भुवया उंचावल्या. बराफू कॅम्पच्या जरा खाली, नुसत्या दगडांच्या रानात, मी ओरडलो, "पिवळं! तिकडे, दगडाआड!"

ती गेली, वाकली, उचलून घेऊन आली. चॉकलेटचा कागद.

"माप कशाला ठेवू?" तिने विचारलं.

बराफू म्हणजे बर्फच. शब्द दोन्हीकडे फारसीतून आला. शिखराची चढाई तिथून मध्यरात्री सुरू होते. अंधार, भुसभुशीत खडी, पुढच्याच्या टाचांवर टॉर्चचा उजेड आणि सात तासांत एक फूल नाही. वाटेत मी गाइडला दोनदा विचारलं, "इथे काहीच उगवत नाही?" तो म्हणाला, "सूर्य उगवेल, बाबू." उगवला तेव्हा आम्ही उहुरू शिखराच्या जवळ होतो. पाटीपाशी पोचल्यावर बायकोने कॅमेरा काढला. "तुम्ही जरा बाजूला उभे राहा. पाटी केवढी आहे ते कळू दे."

उतरताना दोन दिवसांनी पुन्हा जंगल, चिखल आणि वाटेच्या कडेला तोच लाल-पिवळा तेरडा. बायको न थांबता पुढे. तिला गरम पाण्याच्या आंघोळीची स्वप्नं पडत होती. माझे गुडघे तिथेच दुमडले. बसलो आणि करंगळी फुलाशेजारी धरली.

"अहो, हा काढलाय पहिल्याच दिवशी!"

"दुसऱ्या बाजूने नाही काढलास."

"बाबू, ट्वेंडे," गाइड म्हणाला. म्हणजे चला.

"पोले पोले," मी म्हटलं.