गाडी हलत का नाही?

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी वाडीच्या तोंडाशी 108 ची सरकारी अँब्युलन्स उभी, मागचं दार उघडं, आत लाइट, बाहेर पंधरा-वीस माणसं आणि एक जण पायलटची, म्हणजे ड्रायव्हरची, कॉलर धरून ओरडतोय, पेशंट आत घेतला ना, मग गाडी हलत का नाही? दोन कानाखाली बसतात आणि व्हिडिओ संपतो. पेशंटचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही, कुणी विचारलंही नाही. खाली मात्र मेसेजची रांग लागलेली, "बरा झाला", "ह्यांका असाच व्हया" आणि आमच्या आत्याचे यजमान, जे एरवी सुप्रभात आणि स्वामींचे फोटो सोडून काही टाकत नाहीत, त्यांनीही लिहिलं की वीस मिनिटं गाडी जागेवर उभी होती म्हणे, असल्यांना ठोकायलाच पाहिजे.

मी एवढंच लिहिलं की वीस मिनिटं उभी होती म्हणजे आत काहीतरी काम चालू असणार. झालं. चुलत भावाचा लगेच रिप्लाय, "तू थय आरामात बस, हय येवन बघ मगे कळतला." मग दुसऱ्याचा, जर्मनीत हेलिकॉप्टर येत असेल ना तुमच्याकडे. त्याला अकरा अंगठे.

हेलिकॉप्टर येतं, खरंच येतं, त्याला नावसुद्धा आहे, ख्रिस्तॉफ. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा हा की "हय येवन बघ" हे मला सांगायचं नाही. 2011 पासून सहा वर्षं मी सावंतवाडीच्या बाजूला प्रायव्हेट अँब्युलन्स चालवली आहे. आधी ओम्नी, मग ट्रॅक्स. बायको नर्स, तिला इथे नोकरी लागली म्हणून आलो, दोन वर्षं नुसती भाषा शिकण्यात आणि घरातली भांडी घासण्यात गेली, मग अँब्युलन्सवर काम करायचा 520 तासांचा कोर्स केला, मग मोठ्या गाडीचं सी-वन लायसन्स काढलं आणि आता स्टुटगार्टच्या बाहेर गाडीवर असतो. म्हणजे मी दोन्हीकडची गाडी चालवलीय, ग्रुपवर असं दुसरं कुणी असेल तर दाखवा. (हे मी ग्रुपवर लिहिलं होतं, नंतर डिलीट केलं. फारच फुशारकी वाटत होती.)

तर, गाडी का हलत नाही. मागच्याच महिन्यातली गोष्ट. तिसरा मजला, लिफ्ट नाही, साठीतला माणूस जमिनीवर पडलेला, हृदय बंद. आम्ही गाडीतून, डॉक्टर त्याच्या वेगळ्या गाडीतून मागोमाग. तिथेच, बैठकीच्या खोलीत सोफा सरकवून, आम्ही बेचाळीस मिनिटं होतो. बेचाळीस! दोन्ही गाड्या खाली वनवे रस्ता अडवून उभ्या. त्याची बायको दारात उभी होती आणि तिने एकदाही विचारलं नाही की हॉस्पिटलला कधी नेताय, कारण इथे माणसांना ठाऊक असतं की छाती जमिनीवरच नीट दाबली जाते. चालत्या गाडीत तुम्ही उभ्याने दाबायला गेलात की वळणावर एक हात छातीवर आणि दुसरा हँडलला, म्हणजे पेशंटला अर्धंच मिळतं आणि ब्रेक लागला की दाबणाराच पुढे जाऊन आपटतो. छातीत दुखणारा पेशंट असेल तरी तेच, आधी ईसीजी, शिरेत सुई, ऑक्सिजन, बीपी, मग हॉस्पिटलला कळवायचं म्हणजे तिथे टेबल तयार राहतं, आणि मग निघायचं. उभ्या गाडीतली ही दहा-पंधरा मिनिटं वाया गेलेली नसतात.

आपल्याकडे उलटं. पेशंट आत टाकला की गाडीने सुटलंच पाहिजे. मीसुद्धा सुटायचो, नुसता सुटायचो, कारण दुसरं काही येतच नव्हतं. ओम्नीत काय होतं? एक स्ट्रेचर, एक सिलेंडर, एक सलाईन लटकवायचा हूक. सिलेंडर नायलॉनच्या दोरीने सीटला बांधलेला. एकदा बांद्याच्या अलीकडे पुढे म्हैस आली म्हणून ब्रेक मारला, दोरी सुटली आणि सिलेंडर घरंगळत येऊन पेशंटच्या मुलाच्या घोट्यावर आदळला. जातोय बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात, आईला घेऊन आणि पोचेपर्यंत दोन पेशंट. तो बिचारा मलाच सॉरी म्हणाला, पाय मध्ये आला म्हणून. इथे गाडीतली प्रत्येक वस्तू, सिलेंडर, मॉनिटर, बॅग, दहा जीचा (स्वतःच्या वजनाच्या दहापट) धक्का खाऊन जागची हलता कामा नये असा नियम आहे आणि तशी टेस्ट होते. आपल्याकडेही एआयएस-125 नावाचं अँब्युलन्सचं स्टँडर्ड आहे, कागदावर नाही असं काहीच नाही आपल्याकडे. पण गाडीत मागे बसलेला माणूस बेल्ट लावतो का, हे मला आंबोलीच्या वळणावर पाहायचंय. लावत नाही, कारण लावला तर पेशंटपर्यंत हात पोचत नाही. इथेही नाही लावत पुष्कळ वेळा, खोटं कशाला बोलू.

आणि सायरनचं. ग्रुपवर हेही दर दोन महिन्यांनी येतं की 108 वाले रिकाम्या गाडीत सायरन वाजवत जातात, चहाला. अहो, पेशंटकडे जाताना गाडी रिकामीच असते! पेशंट आणायला जाताना त्यात पेशंट कुठून असणार? इथे हायवेवर डावीकडची लेन डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे, मधून गल्ली होते. आणि ती सायरन ऐकल्यावर नाही, ट्रॅफिक थांबायला लागला की आधीच करायची असते. नाही केली तर 200 युरोपासून दंड. आपल्याकडे अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपये आहे, म्हणजे आपला दंड काही कमी नाही. डॉक्टर-नर्सना मारणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 पर्यंत दंड हा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे. त्या कॉलर धरणाऱ्याला हे सांगून काही फरक पडला असता का ते सोडा.

आता गणिताचं बघा. 108 आपल्याकडे 2014 ला सुरू झाली, 937 गाड्या, त्यातल्या 233 अॅडव्हान्स्ड आणि 704 बेसिक. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. म्हणजे जवळपास एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी. बाकीच्या बहुतेक राज्यांत गाडीवर टेक्निशियन असतो, आपल्याकडे डॉक्टर, बहुतेक करून बीएएमएस झालेली पंचविशीतली मुलगी किंवा मुलगा. इथे बरोबर त्याच वर्षी, 2014 ला, तीन वर्षं शिकवून गाडीवरचा माणूस तयार करायचा कायदा लागू झाला, नोटफालझानिटेटर. मी तो नाही, मी त्याच्या खालचा, पण गाडी माझ्या हातात असते. मला हे लिहिताना बरं वाटतं हे लपवत नाही.

पण मग हायवे. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं, तेव्हा मी ओम्नी घेतली होती. ओम्नी भंगारात गेली, मी देश सोडला, हायवे अजून चाललाय. सिंधुदुर्गातला सिरियस पेशंट म्हणजे बांबोळी हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ. 2018 मध्ये गोव्याने बाहेरच्यांना फी लावली तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. ओरोसला मेडिकल कॉलेज झालं तरी माणसं अजून "बांबोळीक नेलो" असंच म्हणतात, जसं काही ते एक गाव नसून आजाराची पुढची स्टेज आहे. माझ्या वेळी पर्वरीच्या उतारावर मांडवीच्या पुलासाठी ट्रॅफिक तुंबायचा, सायरन वाजवून वाजवून कान बधिर, नवा पूल 2019 ला झाला तेव्हा मी इथे डेर-डी-दास, म्हणजे जर्मनचं व्याकरण, करत होतो. त्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या पायलटचा पेशंट गेला तर मार कुणाला? पायलटला. ज्याने ना रस्ता केला, ना पूल, ना हॉस्पिटल. रागाला हाताशी सापडणारा सरकारचा एकच माणूस म्हणजे तो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तुकड्यातुकड्याने, ड्युटी संपवून वाखेवर, म्हणजे आमच्या अँब्युलन्स स्टेशनवर, बसून. आणि जे लिहिलं नाही ते आता लिहितो.

इथे 31 डिसेंबरच्या रात्री आम्ही गाडीबाहेर पडायच्या आधी वर बघतो, कारण रॉकेट गाडीवर सोडतात, मुद्दाम. वाझनच्या, म्हणजे इथल्या बिअरच्या जत्रेच्या, दिवसांत एका दारूड्याने स्ट्रेचरवर झोपल्या झोपल्या माझ्या सहकारणीच्या जबड्यावर लाथ घातली. ती चार आठवडे घरी होती. माझ्यावर थुंकलेत, आणि थुंकताना मी कुठून आलो आणि कुठे परत जावं तेही सांगितलंय. ते बेचाळीस मिनिटांचं सांगितलं ना, त्या दिवशी खाली एक गृहस्थ गाडी काढा म्हणून आमच्या काचेवर टकटक करत होता, त्याला जिमला जायचं होतं. आणि इथेही दोन रात्री हात दुखतोय म्हणून 116117 (साध्या दुखण्यासाठीचा डॉक्टरांचा नंबर) सोडून 112 या इमर्जन्सी नंबरला फोन करणारे कमी नाहीत.

आणि एक गोष्ट इथे मी कधीच बघितली नाही. भर पावसात, रात्री दोन वाजता, पाणंदीत गुडघाभर चिखल, गाडी वर जाऊच शकत नाही, आणि वाडीतली चार माणसं काही न बोलता बांबूला चादर बांधून म्हातारीला खाली घेऊन येतात, पाचवा बॅटरी धरून पुढे. त्यातला एक तिच्याशी बोलत नसे, बांधावरून भांडण. इथे वजनदार पेशंट असला की फायर ब्रिगेडची शिडी येते, खिडकीतून काढतात, फार व्यवस्थित, शेजारी पडद्याआडून बघतात. कॉलर धरणारी माणसंही त्याच वाडीतली असतात, खांदा देणारी पण तीच. हे जर्मन सहकाऱ्यांना सांगायला गेलो की मला नीट सांगताच येत नाही, भाषा येत असूनही.

आता खरं काय ते. 2022 च्या जुलैमध्ये बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तिकडे रात्रीचा एक, इथे साडेनऊ. मी ड्युटीवर, पेशंट सोडून हॉस्पिटलच्या आवारात गाडी पुसत होतो. काकांच्या मुलाने व्हिडिओ कॉल लावला. पाऊस, अंधार, 108 पाणंदीच्या वर उभी, मागचं दार उघडं, आत बाबांचे फक्त पाय दिसत होते. चपलेविना, चिखलाचे. गाडी उभी. पाच मिनिटं, आठ मिनिटं. आणि मी, 520 तासवाला, युनिफॉर्म घालून, स्वतःच्या उभ्या गाडीत बसून ओरडायला लागलो, फोन पायलटकडे दे, अरे गाडी हलत का नाही? तो म्हणाला, "दादा, डॉक्टर शीर शोधतत. गाडी चालू केली तर गावची नाय. पाच मिन्टां." गावची नाय म्हणजे सापडायची नाही. मी त्याला आईवरून शिवी दिली. मालवणीत, जी पंधरा वर्षांत तोंडातून निघाली नव्हती. शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने विचारलं, आलेस गूट? सगळं ठीक ना? आणि फोनमधून आईचा आवाज आला, "तू आदी गप रव."

शीर मिळाली. बाबांना आधी ओरोसला आणि तिथून बांबोळीला नेलं, एक स्टेंट बसली. आता झाडाखाली पडलेले आंबे उचलायला वाकतात आणि आई ओरडते. ती डॉक्टर मुलगी कोण, मला माहीत नाही, चेहराही दिसला नव्हता, फक्त कोपर.

पुढच्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा कुडाळला एका टपरीवर 108 उभी होती. पायलट चहा घेत होता (हो, घेतात चहा, माणसं आहेत). माझा आवाज ऐकून वळला. "तुमीच मा ते फोनवाले?" मी काही बोलायच्या आत त्याने माझ्यासाठी पण एक कटिंग सांगितला. माफी मागायची म्हणून मी मनात वाक्य जुळवत होतो, त्याला त्यात रस नव्हता. त्याने बाबांची तब्येत विचारली, मग पगार विचारला, मग म्हणाला, "थय गाडी चालवक काय काय लागता?" मी भाषा, लायसन्स, कोर्स सगळं सांगितलं, त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

तो आता सावंतवाडीला जर्मनचा ऑनलाइन क्लास करतो. नाइट ड्युटीत दोन कॉलच्या मध्ये मला ऑडिओ पाठवतो, मागे कधी पाऊस असतो, कधी वायरलेस. तो व्हिडिओ आला त्याच रात्री त्याचा ऑडिओ आला. "वो टुट एस वे?" कुठे दुखतंय. वे म्हणताना तो व फार जोरात काढतो. ग्रुपवरच्या अकरा अंगठ्यांना काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही, त्याला मात्र तेवढा व दुरुस्त करून पाठवला.