8:14 ची फास्ट आणि तोंडओळखीची माणसं

31 मेच्या संध्याकाळी डोंबिवलीला उतरले आणि घरी येऊन लोकलचा पास देवघराच्या फळीवर ठेवला. फोर्टातल्या कचेरीत 32 वर्षं नोकरी झाली होती. शेवटची चार-पाच वर्षं मी एकाच विचारावर काढली, की एकदा हे धावणं संपू दे. गुडघे बोलायला लागले होते. सुख म्हणजे काय असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी लगेच सांगितलं असतं: सकाळी 8:14 ला मी घरात असेन आणि हातात गरम चहा असेल.

ते मिळालं. जून छान गेला, जुलैही बरा गेला. ऑगस्टपासून मात्र दुपार सरेनाशी झाली. दुखत-खुपत काही नव्हतं, घरचं सगळं नीट होतं, पेन्शन वेळेवर येत होती. तरी कशातच राम वाटेना. मुलगी म्हणाली, "आई, तू हल्ली बोलतच नाहीस." तिनंच मानसशास्त्रज्ञांचे काही लेख काढून दिले आणि मी वाचत गेले. त्यातलं जे मला माझ्याच आयुष्यात सापडलं ते आज लिहिते आहे.

पहिली गोष्ट, पुढे आपल्याला काय वाटेल याचा आपला अंदाज फार चुकतो. हार्वर्डचे डॅनिएल गिल्बर्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापकांचा अभ्यास छापला. कायम नोकरी मिळाली नाही तर आपण पुढची कितीतरी वर्षं दुःखी राहू, असं त्या मंडळींना वाटत होतं. ज्यांना ती खरोखर नाकारली गेली होती, त्यांना काही वर्षांनी विचारलं तर ते कायम झालेल्यांपेक्षा फारसे दुःखी नव्हते. माझं उलट्या बाजूनं तेच झालं. घरचा चहा मला वर्षानुवर्षं पुरेल असं वाटलं होतं, तो दोन महिन्यांत अंगवळणी पडला.

इथे एक तक्रार करायची आहे. लॉटरी लागलेला माणूस आणि अपघातात अपंग झालेला माणूस वर्षभरात सारखेच सुखी होतात, असा एक मजकूर दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतो. खाली फुलांचं चित्र असतं. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांच्या 1978 च्या मूळ अभ्यासात तसं नाही. त्यात लॉटरी जिंकलेले 22 जण होते, तुलनेला 22 साधी माणसं आणि अपघातानं लुळी पडलेली 29. सध्याचं सुख 0 ते 5 मध्ये मोजलं, तेव्हा लॉटरीवाल्यांचा आकडा आला 4.00, साध्या माणसांचा 3.82 आणि अपघातग्रस्तांचा 2.96. पहिले दोन जवळजवळ सारखे, तिसरा चांगलाच खाली. पुढे जर्मनीत हजारो लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, त्यात नोकरी गेलेल्यांचं समाधान नवी नोकरी लागल्यावरही पूर्ण भरून आलेलं नव्हतं. सगळ्या दुःखांची सवय होते असं म्हणणं खोटं आहे, आणि ज्याच्यावर वेळ आलेली आहे त्याला ते ऐकवणं क्रूर आहे.

लॉटरीच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कुणी पुढे पाठवत नाही. रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली गोडी, म्हणजे मैत्रिणीशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, ही लॉटरी लागलेल्यांना साध्या माणसांपेक्षा कमी वाटत होती. हे वाचून मी लेख बाजूला ठेवून बसले. मला आमचा डबा दिसायला लागला. डबा म्हणजे गाडीचा, लेडीज सेकंड.

तीन जणींच्या बाकावर चौथी सीट. कल्याणपर्यंत उलट जाऊन जागा धरून येणाऱ्या दोघी. ठाण्याला चढणारी, जी चढता चढताच "भांडुपला कोण उठतंय?" विचारायची, गाडी फास्ट, भांडुपला थांबायचीच नाही, तरी, आणि सगळ्या हसायच्या. मेथी निवडणं. श्रावणातलं हळदीकुंकू, डब्याच्या दाराशी लावलेला कागदाचा हार. यांतल्या निम्म्या जणींचं आडनाव मला आजही माहीत नाही. घर तर कुणाचंच पाहिलेलं नाही. पण कुणाच्या सासूचं ऑपरेशन कधी आहे आणि कुणाच्या मुलाला दहावीला किती पडले, हे सगळं पाठ होतं.

मराठीत याला फार नेमका शब्द आहे: तोंडओळख. आपण तो जरा कमीपणानं वापरतो, "नाही हो, नुसती तोंडओळख आहे." जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमका याच माणसांचा अभ्यास केला. टोरांटोत शिकताना रोज येता-जाता हॉटडॉगच्या गाडीवरची एक बाई त्यांना दिसायची. हसून मान डोलवायची, एवढाच संबंध. पण ती बाई दिसली की बरं वाटायचं, आणि ते का, या प्रश्नातून पुढचं काम निघालं. 2014 मध्ये त्यांनी आणि एलिझाबेथ डन यांनी दाखवलं, की ज्या दिवशी विद्यार्थी वर्गातल्या नेहमीपेक्षा जास्त जणांशी बोलतात, त्या दिवशी त्यांना जास्त आनंदी वाटतं. कॉफीच्या दुकानात नुसते पैसे देऊन निघण्याऐवजी विक्रेत्याकडे बघून दोन शब्द बोलणारेही जास्त खुशीत बाहेर पडले.

त्याच वर्षी निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोच्या उपनगरी गाड्यांत एक प्रयोग केला. काही प्रवाशांना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. बाकीच्यांनी नेहमीसारखा प्रवास करायचा. सगळ्यांत छान प्रवास बोलणाऱ्यांचा झाला. आणि असं बोलावं लागलं तर कसं वाटेल, असं ज्यांना आधी विचारलं होतं, ते नेमकं उलटं सांगत होते: नको, एकटंच बरं. पुढे लंडनच्या गाड्यांतही असंच आढळलं. शिकागोच्या गाडीत जे करायला प्रयोग रचावा लागला, ते आमच्या डब्यात रोज सव्वा तास चालायचं. आणि निवृत्तीच्या फायद्या-तोट्याच्या हिशेबात मी ते धरलंच नव्हतं. मी फक्त गर्दी धरली होती.

दुसरं असं, की गाडीत मन भटकायला जागाच नसायची. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2250 लोकांना फोनवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं, आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं, आणि भटकलेलं मन कमी सुखी होतं. माझ्या घरातल्या 8:14 च्या चहाबरोबर मन थेट धाकट्या बहिणीच्या आजारपणात जाऊन बसायचं. गाडीत ते भांडुपपर्यंतही पोचलं नसतं.

"सुख तुमच्या हातात आहे, आजच आनंदी व्हायचं ठरवा," असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. आयरिस मॉस यांच्या 2011 च्या प्रयोगात, सुखाचं महत्त्व आधी मनावर बिंबवलेल्या बायकांना आनंदाची चित्रफीत पाहून इतरांपेक्षा कमी आनंद झाला. ऑगस्टमध्ये मी रोज सकाळी स्वतःला विचारायची, आता तरी मी खूश का नाही? त्या प्रश्नानंच अर्धा दिवस नासायचा. ठरवून आनंदी होणं मला जमलं नाही. मंगळवार-शुक्रवार अकराच्या गाडीनं ठाण्याच्या लायब्ररीत जाणं जमलं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडून ॲपऐवजी भाजी घेणं जमलं. त्यांना माझ्या गुडघ्यांची खबर असते, मला त्यांच्या नातीच्या शाळेची.

ज्यांची झोप, भूक आणि सगळ्यातला रस दोन-दोन आठवडे गेलेला आहे, त्यांना मात्र माझ्या या गोष्टी पुरणार नाहीत. त्यांनी डॉक्टरांकडे जावं. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हे वाचणाऱ्यांत असं कुणी असेल तर लाजू नका.

परवा ठाण्याच्या तिचा फोन आला. दसऱ्याला कचेऱ्या बंद, म्हणून गाडीची पूजा उद्याच आहे. "तुमची चौथी सीट धरून ठेवते, या." झेंडू मावशींकडून आणलाय, माळ ओवून झाली आहे. रिटर्न तिकीटही काढून ठेवलंय. "भांडुपला कोण उठतंय?" विचारणाऱ्या या बाईंचं आडनाव उद्या विचारणार आहे.