घरात येणारी एकच वायर

कोल्हापूरच्या भाच्याचा मेसेज आला तेव्हा इथं रात्रीचे अकरा वाजले होते. "मामा, तुमच्याकडं नेट न्यूट्रॅलिटी गेली म्हणं? आमच्यात हाय बघा अजून." खाली हसणारे तीन चेहरे. आणि लगेच सल्ला, "व्हीपीएन टाका की, विषय संपला." (व्हीपीएन म्हणजे आपलं सगळं नेट झाकून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून फिरवणारं ॲप.)

आता ज्या कोर्टानं ती घालवली ते सहाव्या सर्किटचं अपील कोर्ट नेमकं माझ्याच गावात, सिनसिनाटीत, ओहायो राज्यात. रोज त्याच्यावरून जातो. २ जानेवारी २०२५ ला निकाल आला की एफसीसीला, म्हणजे आपल्याकडं टेलिकॉम कंपन्यांना नियम घालणाऱ्या ट्रायच्या इथल्या भावाला, हा नियम करायचा अधिकारच नाही. नियम साधा होता, नेट पुरवणाऱ्या कंपनीनं कुठली साइट पळवायची, कुठली रखडवायची आणि कुणाकडून पैसे घेऊन पुढं काढायची हे ठरवायचं नाही, बास. पण इथं त्याचं संगीत खुर्ची करून टाकलेलं. २०१५ ला आणला, डिसेंबर २०१७ ला एफसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष अजित पै यांच्या काळात काढला, एप्रिल २०२४ ला परत आणला, आणि प्रत्येक वेळी मत तीन विरुद्ध दोन. सरकार बदललं की इंटरनेटची व्याख्या बदलणार. त्यात जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायदा संदिग्ध असला तर सरकारी खात्याचं म्हणणं कोर्टानं मानायलाच पाहिजे असं नाही, तिथंच हा खेळ बहुतेक संपला होता.

भाचा हसला ते बरोबरच आहे म्हणा. २०१५ ला ट्रायनं ह्याच विषयावर लोकांची मतं मागवणारा वीस प्रश्नांचा पेपर काढला तेव्हा मी इथूनच ईमेल पाठवलेला, दहा लाखांच्या वर ईमेल गेले होते, आणि ट्रायनं ते सगळे पाठवणाऱ्यांच्या पत्त्यासकट वेबसाइटवर लावून टाकले!! (त्यानंतर माझ्या इनबॉक्समध्ये कर्ज देणारे किती वाढले ते विचारू नका.) पण ८ फेब्रुवारी २०१६ ला निर्णय आला, फेसबुकच्या फ्री बेसिक्ससारखं 'ह्या साइट फुकट, बाकीच्यांना पैसे' हे बंद, आणि २०१८ ला केंद्रानं पुढचे नियमही मान्य केले. त्या आठवड्यात ऑफिसात मी जरा छाती काढूनच फिरत होतो.

आता व्हीपीएनचं. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला तंत्र कळतं, म्हणून मला जास्त राग आला.

कंपनीला भेदभाव करायचा तर आधी ओळखायला लागतं की हे काय चाललंय. २००७ ला कॉमकास्ट ह्या इथल्या नेट कंपनीनं बिटटॉरंटवाल्यांचं, म्हणजे आपापसात फाइली वाटणाऱ्यांचं, कनेक्शन तोडलं ते असंच, दोन कॉम्प्युटरच्या मध्ये शिरून दोघांनाही खोटा निरोप द्यायचा की समोरच्यानं फोन ठेवला. आज जवळपास सगळ्या साइटवर एचटीटीपीएसचं कुलूप आहे त्यामुळं आतला मजकूर दिसत नाही, पण कुठल्या साइटला चाललाय ते नाव बऱ्याचदा अजून उघडं असतं. व्हीपीएन टाकला की तेही झाकतं, कंपनीला दिसतो नुसता एक बंद पाईप. इथवर भाचा बरोबर. माझ्या फोनच्या कंपनीचा प्लॅन व्हिडिओ मुद्दाम ४८०पी वर, म्हणजे कमी क्वालिटीवर अडकवतो, ते बारीक अक्षरात लिहिलंय, आणि व्हीपीएन लावला की तोच व्हिडिओ लख्ख दिसतो. म्हणजे टॉवरवर गर्दी वगैरे काही नाही, नुसतं बघून दाबतात.

पण ज्याला दिसत नाही तो सगळंच हळू करू शकतो की. किंवा आपलं स्वतःचं ॲप फुकट ठेवून बाकी सगळ्याला मीटर लावू शकतो, आणि मग तुमचा तो बंद पाईप 'बाकी सगळ्यात' मोजला जातो, म्हणजे उलट महाग पडतो. दक्षिण कोरियात तर ग्राहकाला हात न लावता काम झालं, तिथं साइटवाल्यांनी नेटवर्कचे पैसे द्यायचे, आणि ते परवडेना म्हणून ट्विच, ही लाइव्ह गेमिंग दाखवणारी साइट, फेब्रुवारी २०२४ ला देश सोडूनच गेली. व्हीपीएननं काय करणार तिथं? आणि ही गोष्ट भाच्यानं जपून वाचावी, कारण आपल्याकडच्या टेलिकॉम कंपन्याही गेली काही वर्षं तेच मागतायत, मोठ्या ॲपवाल्यांनी आम्हाला 'वाजवी हिस्सा' द्या म्हणून. 'आमच्यात हाय अजून' मधला तो 'अजून' लई महत्त्वाचा आहे भावा.

शिवाय व्हीपीएन म्हणजे शेवटी आपण एका कंपनीवरचा विश्वास उचलून दुसऱ्या कंपनीवर ठेवतो. २०२२ ला सर्ट-इननं, म्हणजे भारत सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेनं सांगितलं की व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं ठेवायचे, तर ज्या बऱ्या कंपन्या होत्या त्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आणि जून २०२३? कोल्हापुरात सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून दंगा झाला आणि नेटच बंद केलं, तेव्हा ह्याच भाच्याच्या फोनवर दोन व्हीपीएन होते. माझा इकडून व्हिडिओ कॉल लागेना म्हणून तिकडं आई घाबरलेली, शेवटी मी शेजारच्या काकूंच्या लँडलाइनवर फोन केला तेव्हा कळलं, सगळे घरात आहेत. न्यूट्रॅलिटीचा नियम पाळूनच झालं ते, सगळ्या साइट अगदी समान बंद!

मग तंत्रज्ञान कामाचं नाही का, तर आहे, पण वेगळं. इथं राहून मला जे पटलंय ते असं की खरी अडचण वायरची आहे. माझ्या गल्लीत घरापर्यंत धड वेग देणारी कंपनी एकच आहे. तिनं उद्या काहीही केलं तर मी जाणार कुठं? कोल्हापुरात आईच्या बिल्डिंगमध्ये केबलवाल्याची फायबर, शिवाय दोन मोठ्या कंपन्यांची, परवा एकाचं नेट गंडलं तर तिनं सरळ दुसऱ्याला बोलावलं आणि संध्याकाळी चालू. अमेरिकेत हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही.

इथंच ओहायोत अ‍ॅक्रनजवळ फेअरलॉन नावाचं छोटं गाव आहे, त्यांनी नगरपालिकेतर्फे स्वतःची फायबर टाकली, फेअरलॉनगिग. २०२१ ला राज्याच्या सिनेटनं बजेटमध्ये हळूच एक कलम घुसवलं की गावांनी असलं नेट चालवायचं नाही. लोक एवढे खवळले की महिन्याभरात ते कलम गेलं. माझ्यासाठी इंटरनेटचं स्वातंत्र्य वाचवणारं तंत्रज्ञान म्हणजे ती फायबर आहे, जमिनीत पुरलेली, गावाच्या मालकीची. दिसायला त्यात काही भारी नाही, ॲप नाही, लोगो नाही, खड्डे खणायला लागतात. कॅलिफोर्नियात राज्याचाच कायदा आहे म्हणून तिथला माझा मित्र निवांत असतो, ओहायोत तसलं काही नाही, त्यामुळं आम्हाला खड्डेच बरे.

दुसरं म्हणजे मोजणं. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीचं 'वीही' (Wehe) नावाचं एक ॲप आहे. ते एखाद्या व्हिडिओ ॲपचा ट्रॅफिक एकदा जसाच्या तसा पाठवतं आणि एकदा ओळखू येणार नाही असा गोंधळ करून, दोन्हीचा वेग वेगळा आला तर कंपनी ओळखून दाबतेय. व्हीपीएन नुसता तुम्हाला सोडवतो, हे पुरावा हातात देतं. तक्रार करायची तर 'नेट स्लो वाटतंय' याला कोण विचारतो?

भाच्याला म्हणलं टाक ते आणि चालव. दोघांनीही मोबाईल डेटावर टेस्ट घेतली, तो तिकडं रंकाळ्यावर, मी इथं पार्किंगमध्ये गाडीत बसून. माझ्या रिपोर्टमध्ये व्हिडिओला फरक आला, त्याच्यात काहीच नाही.

"बघा मामा, म्हणलं नव्हतं?"

म्हणलं आयपीएलच्या मॅचला परत घे, आणि दर महिन्याला घेऊन तारखेसकट ठेव. त्यानं अंगठा पाठवलाय, करतोय का नाही देवाला माहिती.