स्कूबा शेवटी आणि सेल्युलर जेल आधी? उलटं करा हो!

डोकं फिरतं टूर कंपन्यांचे हे प्लॅन बघून. अंदमान, ५ रात्री ६ दिवस, तीन बेटं, 'स्कूबासह'. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरचं सेल्युलर जेल, मग हॅवलॉक, मग नील. पाचव्या दिवशी दुपारी नीलला शेवटची डाइव्ह, लगेच बोटीने पोर्ट ब्लेअर, आणि सहाव्या दिवशी सकाळचं विमान. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मध्ये अख्खी रात्र जाते ना!"

रात्र मोजायची नसते, तास मोजायचे असतात. दुपारी अडीचला पाण्यातून वर आलात आणि विमान सकाळी साडेसातला असेल, तर झाले १७ तास. एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानात बसण्याआधी निदान १२ तास थांबायचं. एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर निदान १८. हे कमीत कमी आहे, २४ ठेवले तर उत्तम. १८ मीटर खोल पाण्यात पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो आणि बाहेर पडायला वेळ घेतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगराइतका कमी असतो. तिथे उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, आणि मज्जारज्जूला लागलं तर पाय लुळे पडू शकतात. ही जोखीम लोकांच्या माथी मारता आणि वर त्याला पॅकेज म्हणता?

बरं, उपायाला एक पैसाही जास्त लागत नाही! क्रम उलटा करायचा, बस्स. उतरल्या दिवशीच दुपारच्या बोटीने हॅवलॉक गाठा, आणि विमान व बोट यांच्यात चार तास तरी ठेवा. डाइव्ह आधी उरकून घ्या. बोटीचा प्रवास समुद्रसपाटीवरच होतो, त्यामुळे डाइव्हनंतर बोटीत बसायला हरकत नाही. शेवटचा पूर्ण दिवस आणि रात्र पोर्ट ब्लेअरला. सावरकरांच्या कोठडीसमोर डोकं टेकायचंच आहे, ते तेव्हा टेका. हवामान बिघडून बोट रद्द झाली तरी विमान हातचं जात नाही.

दुसरा संताप 'तीन बेटं' या हट्टाचा. डाइव्हच्या बोटी पहाटे सहा-साडेसहाला सुटतात, कारण अंदमानात पाचच्या सुमारास उजाडतं आणि हिवाळ्यात पाच-साडेपाचला सूर्य मावळतो. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड ते अडीच तास लागतात, त्यात तासभर आधी जेट्टीवर हजर राहायचं, मग सामान, मग हॉटेल. सकाळी निघालात तरी पोहोचेपर्यंत डाइव्हची बोट केव्हाच गेलेली असते. म्हणजे बेट बदललं की डाइव्हचा एक दिवस वाया. तेव्हा हॅवलॉकला सलग तीन रात्री काढा. वेळ उरला तर नील. (तिकिटावर स्वराज द्वीप, शहीद द्वीप दिसलं तर गडबडू नका, २०१८ पासूनची हीच नावं आहेत. पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं.)

आणि 'स्कूबासह' म्हणजे नेमकं काय, ते स्पष्ट का लिहीत नाहीत? ती बहुतेक वेळा ट्राय डाइव्ह असते: इन्स्ट्रक्टर धरून नेतो, खोली १२ मीटरच्या आत. मालवणला एकदा तशी केली म्हणून कुणी सर्टिफाइड डायव्हर होत नाही, आणि त्या जोरावर हॅवलॉकजवळच्या डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल डाइव्हच्या जागी कुणी नेणार नाही, नेऊही नये. सर्टिफाइड व्हायचा पहिला कोर्स म्हणजे ओपन वॉटर, त्याला तीन-चार दिवस आणि समुद्रातल्या चार डाइव्ह लागतात. थिअरी घरूनच ऑनलाइन संपवून जा.

मेडिकल फॉर्म तर यांना जेट्टीवर आठवतो! दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन यांतलं काहीही असेल तर डॉक्टरची सही लागते, ती हॅवलॉकच्या किनाऱ्यावर कुठून आणायची? बुकिंगच्या वेळीच फॉर्म मागून घ्या. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. कान मोकळे होत नाहीत, जोर लावला तर पडदा फाटू शकतो. पहिल्या सकाळी सर्दी निघाली तरी डाइव्ह पुढे ढकलता यावी, म्हणून हॅवलॉकच्या तीन रात्रींतली एक सकाळ रिकामी ठेवा.