परमेश्वर माझा बँकर

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुकोबांचं विमान अधूनमधून उतरतंच. वैकुंठाहून खरंच आलं होतं, असं काकांचं म्हणणं. ते झाकण आहे, तुकोबांचा घातच झाला, असं भाच्याचं. अमेरिकेतून हे वाचताना मला दोघं एकाच शाळेतले वाटतात. एकाला पंचनामा खरा ठरवायचाय, दुसऱ्याला खोटा. गाथा उघडायला सवड कुणालाच नाही.

इथल्या माझ्या वाचनमंडळात 'घडलं की नाही' हा प्रश्नच निघत नाही. मंडळी नेव्हिल गॉडर्डला मानणारी. १९०५ मध्ये बार्बाडोसला जन्मलेला हा वक्ता अमेरिकेत आयुष्यभर सांगत राहिला, की बायबल हा इतिहास नाही, माणसाच्या मनात चाललेलं नाटक आहे आणि देव म्हणजे आपलीच कल्पनाशक्ती; मनात घट्ट धरलं, की ते मिळतंच. मला ते परकं वाटलं नाही. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचा गणपती आठवा: अठरा पुराणं त्याचे दागिने, सहा दर्शनं त्याचे हात. देवाच्या रूपात अर्थ वाचणं आपल्याकडे १२९० मध्येही नवं नव्हतं.

पुढचं मात्र पचत नाही. १८८९ मध्ये कॅन्सस सिटीत पत्नीसह युनिटी ही याच धाटणीची धार्मिक चळवळ सुरू करणाऱ्या चार्ल्स फिलमोर यांनी १९३६ च्या पुस्तकात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र नव्याने लिहिलं. मुळातला मेंढपाळ परमेश्वर तिथे बँकर झाला, आणि भक्ताची पत चांगली! मंदीने पिचलेल्या लोकांना धीर हवा होता, हे मान्य. पण मेंढपाळ मृत्युछायेच्या दरीतूनही सोबत चालतो. बँकर तिथवर आल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय, मनात धरलेलं ज्याला मिळत नाही त्याचं काय? 'कल्पना कमी पडली,' हे उत्तर मंडळात फार गोड आवाजात मिळतं. आजारी माणसालासुद्धा.

एकदा मी तुकोबांचा अभंग समजावून सांगितला: मनानेच प्रतिमा स्थापली, मनानेच मनाची पूजा केली, मनानेच इच्छा पुरवली. सगळे खूश, हा तर आपलाच माणूस! मग सांगितलं, की दुष्काळात द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली, हेही याच माणसाने लिहून ठेवलंय. यावर चहा घ्यायची सूचना आली. त्यांच्या हिशेबात या दोन गोष्टी एका माणसात बसत नाहीत. मला वाटतं, तुकोबांच्या मनाची श्रीमंती त्या दिवाळखोरीनंतरची आहे, आणि बुडालेलं दुकान परत मिळवण्यासाठी ती नव्हतीच.

पुढच्या बैठकीला बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक घेऊ, असं मी सुचवलंय. सर्वस्व गेलेल्या ईयोबाला मित्र ऐकवत राहतात, की दोष तुझ्यातच असणार. शेवटी परमेश्वर भडकतो तो त्या मित्रांवर. मंडळाचा होकार अजून आलेला नाही.