‘स्वतः जुळणारे पॉलीमर’ म्हणजे यंत्रं नव्हेत

कोरोनाच्या लसीकरणापासून एक मजकूर फिरतो आहे: "लशीत स्वतः जुळणारे पॉलीमर आहेत. ते रक्तात शिरून यंत्र बांधतात. त्यातलं पीईजी (पॉलीएथिलीन ग्लायकॉल) म्हणजे गाडीच्या रेडिएटरमधलं विष." माझ्या घरातल्या दोन ज्येष्ठांनी हे वाचून पुढचा डोस टाळला, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आपोआप जुळतात, म्हणजे कुणीतरी आज्ञा भरली आहे." नाही. पॉलीमर म्हणजे छोट्या तुकड्यांची लांब साखळी असलेला रेणू. आपोआप जुळणाऱ्या अशा रेणूचा एक भाग पाण्यात रमतो, दुसऱ्याचं पाण्याशी जमत नाही. न जमणाऱ्या भागाभोवती पाण्याचे रेणू एका ठरावीक मांडणीत अडकून पडतात. ते भाग एकमेकांना चिकटले की हे पाणी मोकळं होतं, आणि जुळणी घडते ती मुख्यतः या सुटकेमुळे. आत तेलकट गाभा, बाहेर पाण्यात डोलणाऱ्या साखळ्या, असा काही नॅनोमीटरचा गोळा तयार होतो, तोच मायसेल. त्याला पुढची पायरी नसते. पोलोक्झामर 407 या अशाच पॉलीमरचं 20 टक्के द्रावण फ्रिजमध्ये पातळ असतं, अंगाच्या उबेला जेल होतं, परत फ्रिजमध्ये ठेवलं की पुन्हा पातळ. आणि पाणी वाढवत नेलं तर एका प्रमाणाखाली मायसेल विस्कटतात. म्हणूनच मायसेलमधून औषध देऊ पाहणाऱ्यांची मोठी अडचण ही की रक्तात पातळ झाल्यावर ते टिकवायचे कसे!

"निसर्गात असलं काही नसतं." दुधात असतं. बीटा-केसीन हे प्रथिन असंच दोन स्वभावांचं आहे आणि पाण्यात स्वतःच मायसेल बांधतं.

"पीईजी म्हणजे रेडिएटरमधलं विष." रेडिएटरमध्ये असतं ते एथिलीन ग्लायकॉल. पीईजी ही लांब साखळी, गुणधर्म वेगळे. बद्धकोष्ठतेवर ते एका वेळी 17 ग्रॅम दिलं जातं. पोटात घेणं आणि टोचणं एक नव्हे, हे मान्य. पण फायझरच्या प्रौढांच्या मूळ डोसमध्ये पीईजी जोडलेला लिपिड (मेदाचा रेणू) जेमतेम 0.05 मिलिग्रॅम होता. ती लस भारताच्या मोहिमेत नव्हतीही. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेल्या, पुण्यात बनलेल्या कोविशील्डमध्ये पॉलीसॉर्बेट 80 हा तेल-पाणी एकत्र धरणारा पदार्थ होता. तोही पाण्यात मायसेल बांधतो आणि आइस्क्रीममध्येही वापरला जातो.

एक धोका मात्र खरा आहे. फार थोड्या लोकांना पीईजी किंवा पॉलीसॉर्बेटची तीव्र ॲलर्जी असते. पूर्वी एखाद्या औषधाने किंवा इंजेक्शनने श्वास कोंडला असेल, चेहरा सुजला असेल, तर लस घेण्याआधी डॉक्टरांना ते सांगा, आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.