टेस्ट कुणाची काढताय?

सोसायटीच्या ग्रुपवर आज गणपतीतल्या कार्यक्रमांची चर्चा चालली होती. एका काकांनी सुचवलं, बैठकीची लावणी ठेवू या. लगेच एका वहिनींचं उत्तर, 'आपल्या लोकांची टेस्ट तशी नाहीये.' खाली अंगठ्यांची रांग. आणि ठरलं काय? डीजे!

डोकंच फिरलं. अहो, हीच बैठकीची लावणी गाणाऱ्या वाईच्या यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीनं १९७५ साली पुरस्कार दिला, २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कला आमच्या सोसायटीला हलकी पडते होय! बसल्या जागी तीच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि नजर, हात, चेहरा यांतून दर वेळी तिचा भाव पालटायचा. ते कळायला जरा गप्प बसून बघावं लागतं. तेवढा दम आहे कुणात?

माझी आत्या चौथी शिकलेली. नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते, त्यामुळे सणाला कटाची आमटी ती न चाखताच करायची. झाकण काढून वाफ नाकाशी घ्यायची, पळीनं आमटी वरून सोडून बघायची आणि आईला म्हणायची, 'वहिनी, मीठ कमी पडलंय, चिमूटभर टाक.' पंगतीत कुणी मीठ मागितल्याचं मला तरी आठवत नाही. आणि रेडिओवर लावणी लागली की हीच आत्या आम्हाला दटावायची, 'गप बसा रे. आता तेच कसं रुसून म्हणतेय, ऐका.'

तिला टेस्ट आहे असं कुणी कधी म्हटलं नाही. कारण तिच्या टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. (फुलं भयंकर होती, कबूल.) भरतमुनी मात्र नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावताना थेट ताटावर येतात. तऱ्हेतऱ्हेच्या मसाल्यांचं जेवण मन लावून जेवणारा जसा रस घेतो, तसाच नाटक बघणारा. आमटी आणि लावणी दोन्ही कळणारी आत्या त्यांनी पहिल्या रांगेत बसवली असती.

लावणीच्या नावाखाली हल्ली स्टेजवर काय काय चालतं ते मीही पाहिलंय. पोरांसमोर नको वाटतं, मान्य. मग डीजेवर काय अभंग लागणार आहेत?

जाऊ दे. त्या वहिनी तशा चांगल्या आहेत, अडीनडीला धावून येतात. बैठकीची लावणी त्यांनी कधी ऐकलीच नसेल. आम्हाला निदान दटावून ऐकवणारी आत्या होती.

डीजेच्या वर्गणीत मला धरू नका, असं ग्रुपवर टाकलंय. लावणीला दुप्पट देईन. ओळखीत कुणी गाणाऱ्या असतील तर इनबॉक्समध्ये नंबर पाठवा, पेटी-तबल्याचं किती होईल तेही सांगा.